एका तुळईवरची दोन घड्याळं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)

सन १६६५. आपल्याकडे त्या वर्षीच्या जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. वेंगुर्ल्यात तेव्हा डचांची वखार होती आणि हॉलंडमधून निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागत होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हॉलंडमधल्या हेग शहरात पस्तीस वर्षांचा एक माणूस आजारी पडून अंथरुणात होता. त्याचं नाव ख्रिस्तियान हायगेन्स. शनीचा सर्वांत मोठा उपग्रह टायटन यानंच १६५५ मध्ये शोधला होता, आणि १६५६ च्या अखेरीस लंबकाचं घड्याळही यानंच तयार केलं होतं. त्याच्या खोलीत अशी दोन नवी घड्याळं शेजारी शेजारी टांगलेली होती. आजारी माणसाला करायला दुसरं काही नसतं. तो घड्याळाकडे बघत राहतो. हायगेन्सही बघत राहिला.

त्याला दिसलं ते असं. दोन्ही लंबक अगदी एका लयीत हलत होते, पण उलट दिशांनी. एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे. यात तसूभर फरक पडत नव्हता. त्यानं मुद्दाम एका लंबकाला धक्का देऊन लय मोडली. अर्ध्या तासाच्या आत दोघं पुन्हा जुळले. वाऱ्यामुळे असं होत असेल म्हणून मध्ये फळी उभी करून पाहिली. काही फरक नाही. घड्याळं खोलीच्या दोन टोकांना नेली, तेव्हा मात्र जोडी फुटली. आता एक हळूहळू मागे पडू लागलं. आधी त्याला वाटलं होतं की हा हवेचा खेळ आहे. मग त्याला कळलं की घड्याळं ज्या लाकडी आधाराला टांगली आहेत, तो आधारच दोघांमधला निरोप्या आहे. लंबक हलला की तुळईला डोळ्यांना न दिसणारा हिसका बसतो, आणि तो दुसऱ्या लंबकाला पोचतो. दोघं उलट दिशेनं हलत असले की हिसके एकमेकांना खोडून काढतात आणि तुळई शांत राहते. म्हणून ही जोडी टिकते. हायगेन्सनं या प्रकाराला नाव दिलं ‘सहानुभूती’. पदार्थविज्ञानाच्या पोथीत असा शब्द क्वचितच सापडावा.

हे निरीक्षण त्यानं पत्रानं वडिलांना कळवलं, लंडनच्या रॉयल सोसायटीलाही कळवलं. मार्चमध्ये ते तिथं वाचलं गेलं. पण तिथल्या मंडळींना आनंदापेक्षा शंकाच जास्त वाटली, आणि त्याला कारण होतं. ही घड्याळं जहाजांसाठी होती. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठं आहोत, हे कळायला निघालेल्या बंदराची वेळ अचूक माहीत असावी लागते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. घड्याळ एक मिनिट चुकलं की जहाजाचा अंदाज २८ किलोमीटरनं चुकणार. रात्रीच्या वेळी खडकाळ किनाऱ्याजवळ एवढी चूक म्हणजे सगळ्या जहाजाचा घात. जे घड्याळ तुळईच्या न दिसणाऱ्या कंपानं बदलतं, ते लाटांवर काय टिकणार? समुद्रावरच्या वेळेचा प्रश्न पुढं अठराव्या शतकात जॉन हॅरिसननं सोडवला, आणि त्याच्या घड्याळात लंबक नव्हता. हायगेन्सची ‘सहानुभूती’ मात्र घड्याळाचा एक दोष म्हणून बाजूला राहिली.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बीए केलं ते मराठी घेऊन, आणि आयुष्य गेलं ते मात्रा मोजण्यात. पण लय हा आमच्याही धंद्याचा विषय आहे, म्हणून या गोष्टीनं मला धरून ठेवलं. शेजारी असलं की लय आपोआप जुळते असं नाही. आमच्या सोलापुरात यंत्रमागाच्या शेडमध्ये दहा-बारा माग एका छपराखाली चालतात. कान देऊन ऐका. दोन मागांचा खडखडाट क्षणभर एक होतो आणि लगेच सुटतो. प्रत्येकाची मोटर वेगळी आणि पाया जमिनीत घट्ट. एकाचं दुसऱ्याला काही पोचतच नाही. जुळायचं तर मध्ये काहीतरी हलणारं हवं. हायगेन्सच्या गोष्टीतली तुळई ती हीच.

आता या कथेचा दुसरा धागा. हायगेन्सनंतर बावीस वर्षांनी, १६८७ मध्ये, न्यूटनचा ग्रंथ आला आणि विश्व हेच एक मोठं घड्याळ आहे असं लोकांना वाटू लागलं. आजची स्थिती सांगा, उद्याची सांगतो, असा तो विश्वास. सूर्य आणि एक ग्रह असा हिशेब न्यूटनच्या नियमांनी चोख सुटतो. पण तिसरा गोल आला की गणित अडतं. स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त, म्हणजे जानेवारी १८८९ साठी, गणिताची एक स्पर्धा जाहीर झाली होती. तीत फ्रान्सच्या आंरी प्वांकारेला बक्षीस मिळालं ते या तीन गोलांच्या प्रश्नावरच्या निबंधाला. निबंध छापूनही झाला. मग फ्रागमेन नावाच्या तरुण संपादकानं काही जागांवर बोट ठेवलं, आणि तपासता तपासता प्वांकारेला आपल्या सिद्धतेतली मोठी चूक सापडली. छापलेल्या प्रती परत मागवल्या गेल्या. नव्या छपाईचा खर्च त्यानं स्वतः सोसला. बक्षीस होतं २,५०० क्राउनचं आणि खर्च आला ३,५०० च्या वर. पण चूक दुरुस्त करताना त्याला जे दिसलं ते बक्षिसापेक्षा मोलाचं होतं. नियम पक्के असूनही गोलांच्या वाटा अशा गुंतू शकतात की त्यांचं चित्र काढणंही अवघड व्हावं. सुरुवातीचा केसाएवढा फरक पुढं डोंगराएवढा होतो.

या वागण्याला आज जगभर ‘केऑस’ म्हणतात. मराठीत आपण गोंधळ म्हणू. आणि इथं आपली भाषा मला इंग्रजीपेक्षा शहाणी वाटते. आपल्याकडे गोंधळ म्हणजे अव्यवस्था, आणि गोंधळ म्हणजे तुळजाभवानीच्या नावानं रात्रभर संबळाच्या ठेक्यावर चालणारं विधिनाट्यही. एकाच शब्दात बेबंदपणाही आहे आणि लयही आहे. गणितातला गोंधळ असाच असतो. त्यात नशिबाचा फासा कुठंच नसतो. प्रत्येक पाऊल नियमानं पडतं, तरी पुढचं दहावं पाऊल कुठं पडेल ते सांगता येत नाही.

हे दोन्ही धागे एकदा एकाच माणसाच्या कानावर पडले होते. हा माणूसही डचच. बाल्थाझार व्हान डेर पॉल हा आइंडहोव्हनमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करत होता. १९२७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं निऑनचा दिवा असलेल्या एका मंडलाला बाहेरून ठरावीक लयीची वीज दिली आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून ते काय बोलतं ते ऐकलं. मंडल बाहेरच्या लयीशी जुळायचं. कधी तिच्या निम्म्या वेगानं, कधी एक तृतीयांश वेगानं. पण एका जुळणीतून दुसऱ्या जुळणीत जाताना मध्ये काहीतरी वेडीवाकडी खरखर ऐकू यायची. तिची नोंद त्यांनी केली खरी, पण दुय्यम बाब म्हणून. ती खरखर म्हणजेच केऑस असावा, असं आजचे अभ्यासक मानतात. रेडिओ ऐकणाऱ्यांना खरखर नवी नाही. आपणही ती स्टेशन लागेपर्यंतचा त्रास म्हणून सोडूनच देतो.

केऑसला कोणी दुय्यम म्हणू शकणार नाही अशी वेळ आली १९६१ च्या हिवाळ्यात. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ हा हवामानशास्त्रज्ञ संगणकावर एक खोटं हवामान चालवून पाहत होता. एक जुना हिशेब पुन्हा पाहायचा म्हणून त्यानं मधूनच सुरुवात केली आणि कागदावर छापलेला आकडा भरला. संगणकाच्या पोटात ०.५०६१२७ होता, कागदावर ०.५०६ एवढाच छापला होता. तो कॉफी प्यायला गेला. परत आला तेव्हा नवं हवामान जुन्याशी काही नातं सांगत नव्हतं. १९६३ मध्ये त्यानं फक्त तीन समीकरणांत हे वागणं पकडून दाखवलं. १९७२ मधल्या त्याच्या एका व्याख्यानाच्या शीर्षकात फुलपाखरू आलं. ब्राझीलमध्ये फुलपाखरानं पंख हलवले तर टेक्ससमध्ये चक्रीवादळ उठेल का, असा तो प्रश्न होता. तेव्हापासून हे फुलपाखरू जगभर उडतं आहे.

आमच्या कोरडवाहू जिल्ह्यात हा प्रश्न गमतीचा नाही. अमुक गावात तीन आठवड्यांनी पाऊस पडेल की नाही, हे नेमकं सांगणं का जमत नाही, याचं उत्तर लॉरेन्झच्या त्या तीन समीकरणांत आहे. रोजच्या हवामानाचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे हातातून निसटतो. मग मोसमाचा अंदाज कशाच्या जोरावर सांगायचा? जूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये त्याची वाट दाखवली. हवा चंचल आहे, पण ती ज्या समुद्रावर टेकलेली असते तो सावकाश बदलतो. समुद्राचं तापमान कळलं तर एका दिवसाचा पाऊस सांगता आला नाही, तरी हंगामाचा कल काही प्रमाणात सांगता येतो. समुद्र ही मोसमी पावसाची तुळई आहे, असं मी म्हणेन. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं जी गणिती प्रतिकृती हाती घेतली, तिच्यातही हवा आणि समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत.

इथवर आपण दोन गोष्टी पाहिल्या. शिस्तीची घड्याळं जोडली तर जुळतात. आणि केऑसमध्ये केसाएवढा फरकही वाढतच जातो. मग दोन गोंधळी यंत्रणा एकमेकींना जोडल्या तर? साधी समजूत सांगते की त्या कधीच जुळणार नाहीत. दोघींची सुरुवात तंतोतंत सारखी असणं अशक्य, आणि फरक तर वाढतच जाणार. पण ही समजूत खोटी ठरली. १९८३ मध्ये जपानच्या फुजिसाका आणि यामादा यांनी गणितानं दाखवलं की अशा यंत्रणा जुळू शकतात. १९८६ मध्ये सोव्हिएत संघातल्या संशोधकांनीही हेच मांडलं. पण जगाचं लक्ष गेलं ते फेब्रुवारी १९९० मध्ये, अमेरिकी नौदलाच्या वॉशिंग्टनमधल्या संशोधन प्रयोगशाळेतले लुईस पेकोरा आणि थॉमस कॅरल यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा.

त्यांची युक्ती मला गाण्याच्या बैठकीवरून समजली. गायक आलापी करतो आहे. पुढचा स्वर कोणता लागेल हे साथीच्या हार्मोनियमवाल्याला ठाऊक नसतं. तरी तो सावलीसारखा मागे राहतो. कशामुळे? त्याच्याकडे दोन गोष्टी असतात. एक, गायकाचा लागलेला स्वर त्याला त्या क्षणी ऐकू येतो. दुसरी, त्याच रागाची तालीम त्याच्याही अंगात मुरलेली असते. पेकोरा आणि कॅरल यांनी हेच केलं. सारख्या घडणीच्या दोन गोंधळी यंत्रणा घेतल्या. पहिलीच्या तीन चलांपैकी फक्त एक दुसरीला ऐकवला, आणि दुसरीतला तसलाच चल काढून त्या जागी हा बसवला. उरलेले दोन चल कुठूनही सुरू होवोत, थोड्याच वेळात ते पहिलीच्या चलांशी जाऊन मिळाले. प्रत्येक जोडी अशी जुळत नाही. उरलेल्या भागातले फरक आपोआप विरत जातील अशी तिची घडण असावी लागते. पण ती तशी असेल तर गोंधळ गोंधळच राहतो आणि तरी दोघांचा एक होतो. पुढचं पाऊल कोणालाच माहीत नाही, पण दोघं ते एकदम टाकतात.

याचा उपयोग लगेच सुचला, तो गुप्त निरोपांसाठी. १९९३ मध्ये एमआयटीतल्या क्युओमो आणि ओपनहाइम यांनी लॉरेन्झच्या समीकरणांवर चालणारी विजेची मंडलं बनवली. धबधब्याच्या आवाजात कुजबुज लपवावी तसा केऑसच्या खरखरीत निरोप लपवायचा. पलीकडचं जुळं मंडल ती खरखर स्वतःच तयार करणार. आलेल्या आवाजातून ती वजा केली की निरोप हाती. पण पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, केव्हिन शॉर्ट या गणितज्ञानं असं कुलूप किल्लीवाचून उघडता येतं हे दाखवलं. तरी प्रयोग थांबले नाहीत. २००५ मध्ये अथेन्स शहरात १२० किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूंच्या जाळ्यातून लेझरच्या केऑसमध्ये लपवलेले निरोप पाठवून दाखवले गेले.

पण जुळण्याचं एवढं कौतुक करताना तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. १० जून २००० रोजी लंडनमध्ये थेम्स नदीवर पादचाऱ्यांसाठी मिलेनियम पूल खुला झाला. पहिल्याच दिवशी हजारो लोक चालून गेले आणि पूल आडवा झुलू लागला. तोल सावरायला लोक पाय फाकून टाकू लागले, आणि त्या पावलांनी पूल आणखी झुलला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. झोका गिळणारी यंत्रं बसवून २००२ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा उघडला. पावलं जुळली म्हणून पूल हलला, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं वेगळं उत्तर दिलं. पावलं जुळलेली नसली तरी, प्रत्येकाच्या तोल सावरण्यातूनच पुलाला झोका मिळत जातो. पावलं जुळणं हा बहुधा त्याचा परिणाम आहे. कारण कोणतंही असो, पूल हलवण्याचा कट कोणी केला नव्हता. प्रत्येक जण फक्त स्वतःला सावरत होता.

याहून मोठी तुळई आपल्या डोक्यावरून जाते. विजेच्या तारा. आपल्याकडे विजेची लय सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. एका ग्रिडवरची सगळी जनित्रं, मग ती कोयनेची असोत की चंद्रपूरची, याच लयीला बांधलेली असतात. एखादं मागे पडू लागलं की बाकीची त्याला तारांमधून ओढून घेतात. हायगेन्सची सहानुभूती ती हीच. पण ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास मध्य भारतातली बीना-ग्वाल्हेर ही भाराखाली वाकलेली वाहिनी तुटली, आणि उत्तर भारताची लय बाकीच्या ग्रिडपासून सुटली. सगळा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड एकदम बसल्या. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज गेली. रेल्वेगाड्या थांबल्या, कोळशाच्या खाणींत कामगार खाली अडकले. ज्या तारांमधून मदत येते, त्याच तारांमधून संकटही पसरलं. दक्षिणेची ग्रिड तेव्हा वाचली, कारण ती या लयीत बांधलेलीच नव्हती. तिच्याशी देवाणघेवाण होती, पण ती एकदिश प्रवाहाच्या वाहिन्यांतून, आपापली लय राखून.

मग ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारतही देशाच्या लयीत आला. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच ठेका. त्याचं एक टोक आमच्या सोलापुरात आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि २०१२ आठवलं की थोडी धाकधूकही वाटते. एकत्र येण्यानं बळ येतं हे खरं आहे. एकत्र कोसळण्याची शक्यताही त्यासोबत येते, हेही तेवढंच खरं आहे. म्हणून वेळ पडली तर ग्रिडचा एखादा भाग सोडवून स्वतंत्र चालता यावा, अशी तजवीज अभियंते आधीच करून ठेवतात.

शेवटी एक प्रयोग सांगतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी हायगेन्सचा प्रयोग पुन्हा मांडून पाहिला. दोन लंबकांची घड्याळं, मध्ये हलू शकणारा एक आधार. आधार फारच जड असेल तर घड्याळं एकमेकांना ओळखत नाहीत. आपापली वेळ सांगत राहतात. बेताचा असेल तर ती जुळतात. आधार फार हलका असेल आणि बंध फार पक्का झाला, तर मात्र एक घड्याळ दुसऱ्याचा जीव घेतं. त्याचा लंबक थांबतो. हायगेन्सनं समुद्रप्रवासासाठी आपल्या घड्याळांच्या पेट्यांत शिसं भरून त्या चांगल्या जड केल्या होत्या. त्या योगायोगानं बंध नेमका बेताचा झाला आणि त्याला सहानुभूती दिसली. पेट्या हलक्या असत्या तर त्या आजारी माणसाला फक्त एक बंद पडलेलं घड्याळ दिसलं असतं, आणि त्यानं उठून त्याला चावी दिली असती.